मुलाच्या तीनचाकीचे टायर बदलणारे वडील : जॉन बॉइड डनलॉप



सामान्यज्ञानाच्या वहीत आपण मुलांना एक ओळ लिहून देतो : टायरचा शोध – डनलॉप. मुलं ती पाठ करतात, जोड्या लावतात, एक गुण मिळतो आणि विषय संपतो. मीही कित्येक वर्षं हेच करत आलो. त्या एका ओळीत एक चूक आहे आणि एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे, हे मला उशिरा कळलं.

निमित्त झालं ते आमच्या स्टाफरूममधल्या एका चर्चेचं. गणिताच्या सरांचा मुलगा कॉलेजला आहे. त्याच्याकडे दीडशे सीसीची छोटी स्पोर्ट बाईक. मागचा टायर पार गुळगुळीत झालेला, पुढचाही त्याच वाटेवर. मुलाचा हट्ट असा की आता बदलतोच आहोत तर मोठ्या बाईकसारखा रुंद टायर टाकायचा. सरांचं म्हणणं, जो स्वस्त आणि जास्त दिवस टिकेल तो घ्यायचा. दुकानदाराने तिसरंच काहीतरी सुचवलेलं. मधल्या सुट्टीत प्रत्येकाने आपापला सल्ला दिला आणि सर आणखी गोंधळले. मला मात्र डनलॉप आठवले, कारण सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी ते अगदी याच जागी उभे होते. मुलगा, मुलाची छोटी गाडी, मुलाला हवा असलेला वेग आणि वडिलांच्या डोक्यात एकच प्रश्न : हिला कोणता टायर लावू?

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या नैर्ऋत्येला एअरशर नावाचा परगणा आहे, त्यातल्या ड्रेगहॉर्न गावी एका शेतकरी घरात ते जन्मले. आपण दोन महिने आधीच जन्माला आलो आणि म्हणून आपली प्रकृती नाजूक, अशी त्यांची आयुष्यभर समजूत होती. त्यामुळे ते तब्येतीला फार जपत. (जगले मात्र ८१ वर्षं!) त्यांनी एडिंबरोला पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १९ व्या वर्षी ते पदवी घेऊन बाहेर पडले. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केलं, मग १८६७ मध्ये समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक गावात भावाबरोबर दवाखाना काढला आणि पुढे बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर. १८७१ साली मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न झालं. एक मुलगी, एक मुलगा.

मुलांना सांगताना इथे थोडं थांबावं लागतं, कारण आजच्या मुलांना गुरांचे डॉक्टर म्हटलं की त्या माणसाचं शहरातलं महत्त्व कळत नाही. त्या काळी बेलफास्टमध्ये माल, माणसं, ट्राम, सगळं घोडे ओढत. शहराचं इंजिन म्हणजे घोडा आणि ते इंजिन दुरुस्त करणारा माणूस म्हणजे पशुवैद्य. १८८५ च्या सुमारास डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या दवाखान्यांपैकी एक झाला होता. म्हणजे काही शोध लावून पोट भरायची त्यांना गरज नव्हती. वय ४७, स्वभावाने शांत, थोडे बुजरे, लांब पांढरी दाढी. सायकल चालवणाऱ्यांपैकी तर ते नव्हतेच.

तेव्हाच्या चाकांवर काय असायचं? घोडागाडीच्या लाकडी चाकांवर लोखंडी पट्टा. आपल्या बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी धाव चढवतात ना, तशीच. सायकली आणि तीनचाक्यांना भरीव रबराची पट्टी असे, आतून पोकळ नाही, अगदी खोडरबरासारखी सलग. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे आणि मधून ट्रामचे रूळ. अशा रस्त्यावर भरीव रबराची गाडी चालवणं म्हणजे दातावर दात आपटणं. डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्याची तीनचाकी होती आणि त्याची वडिलांकडे दोन गाऱ्हाणी होती. गाडी फार हादरते आणि मित्रांच्या पुढे जाता येत नाही.

बहुतेक वडील म्हणाले असते, अरे रस्ताच तसा आहे, हळू चालव. डनलॉप यांनी गाऱ्हाणं गंभीरपणे घेतलं. मला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

ऑक्टोबर १८८७. त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून स्वतः एक नळी चिकटवून तयार केली. रबर कापायची, जोडायची त्यांच्या हाताला सवय होती. ती नळी चकतीच्या कडेवर बसवली, वरून तागाच्या कापडाचं आवरण गुंडाळलं आणि ते कापड चकतीला खिळ्यांनी ठोकून टाकलं. हवा भरायला मुलाचा फुटबॉलचा पंप. व्हॉल्व्ह वगैरे काही नाही. फुटबॉलच्या ब्लॅडरचं तोंड बांधतात तसं हवा भरून नळीचं तोंड बांधून टाकलं.

आता खरी परीक्षा. घराच्या अंगणात त्यांनी जॉनीच्या तीनचाकीचं भरीव रबराचं चाक काढलं आणि जमिनीवरून घरंगळत सोडलं. ते काही अंतर गेलं, डगमगलं आणि आडवं झालं. अंगणाचं दुसरं टोक काही त्याने गाठलं नाही. मग हवेची चकती तशीच सोडली. ती अंगणाची पूर्ण लांबी पार करून फाटकावर आपटली आणि आपटून मागे फिरली.

बस्स. एवढाच प्रयोग. ना प्रयोगशाळा, ना मोजमापाची यंत्रं. पण यात विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखं किती आहे बघा. टायर दिसायला कसा आहे, महाग आहे की स्वस्त, याचा विचारच नाही. एकाच अंगणात, एकाच माणसाच्या हातून, दोन चाकं. तुलना करायची ती फक्त एकाच गोष्टीची : कोण किती दूर जातं.

हवेचं चाक लांब का गेलं? भरीव चाक दगडावर आदळलं की सगळं चाक वर उचललं जातं आणि पुढे जाण्याची त्याची शक्ती वर उडण्यात वाया जाते. हवेचा टायर तो दगड जणू गिळून टाकतो. जिथे दगड तिथेच तेवढाच दबतो, आणि दगड मागे गेला की आतली हवा त्याला परत फुगवते. दबताना घेतलेली शक्ती हवा जवळजवळ सगळी परत देते. रबराचा जाड गोळा तेवढी परत देत नाही, त्यातली बरीच उष्णता होऊन जाते. म्हणजे मुलाच्या दोन्ही गाऱ्हाण्यांवर एकच औषध निघालं. हादरेही कमी आणि वेगही जास्त. आजवर लोक समजत होते की मऊ गाडी म्हणजे संथ गाडी.

मग तीनचाकीची मागची दोन्ही चाकं हवेची केली. १८८८ च्या सुरुवातीला एका रात्री जॉनी चांदण्यात ती गाडी घेऊन बाहेर पडला. रात्रीच, कारण रस्ते मोकळे होते. (त्याच्या आईचं यावर काय मत होतं हे इतिहासाने नोंदवलेलं नाही, पण आपण अंदाज करू शकतो.) तो परत आल्यावर वडिलांनी टायर बारकाईने तपासले. रबरावर ओरखडा नव्हता. त्यानंतर त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळालं.

इथे मी आमच्या गणिताच्या सरांकडे परत येतो, कारण डनलॉप यांच्या अंगणातला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच आहे. टायर वजन उचलत नाही, त्यातली हवा उचलते. टायर हा फक्त त्या हवेचा सदरा. सदरा अंगाच्या मापाचा हवा.

मुलाच्या बाईकच्या मागच्या टायरवर आकडे होते १४०/७० आर १७ आणि पुढे ६६ एस. सरांना वाटत होतं हा कंपनीचा मॉडेल नंबर असावा. तसं नाही. १४० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे त्याची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ६६ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे, त्याचा अर्थ हा एक टायर ३०० किलोपर्यंत भार पेलू शकतो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेला. (सहावी-सातवीच्या शेकडेवारीला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार? मुलं शाळेच्या गेटबाहेरच्या गाड्यांवरचे आकडे स्वतः लिहून आणतील.) बदली टायर घेताना माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं तेच घ्यायचं, आणि वजनाचा आकडा व वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं चालत नाही. वरचं चालतं.

रुंद टायरच्या हट्टाचं काय? रिमची रुंदी ठरलेली असते. तिच्यावर जास्त रुंद टायर कोंबला की रिम त्याच्या कडा आत ओढते आणि टायरचा माथा मूळ आकारापेक्षा जास्त फुगीर होतो. म्हणजे रुंद टायर घेऊनही सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग हवा तसा वाढत नाही. वर चाकाचं वजन वाढतं, गाडी वळणात जड लागते, छोट्या इंजिनाचा जोर खाल्ला जातो आणि कधीकधी टायर साखळीला किंवा मागच्या दांडीला घासतो. दिसायला छान दिसतं, हे खरं. फोटो काढण्यापुरतं ठीक आहे.

सरांच्या जास्त दिवस टिकेल या मताचीही एक बाजू आहे. टायरचं रबर कडक असेल तर तो टिकतो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी. मऊ असेल तर पकड छान, पण लवकर झिजतो. मुलगा रोज तीस-चाळीस किलोमीटर कॉलेजला जातो, त्यात चार महिने पावसाचे. शर्यतीच्या मैदानासाठी केलेले अगदी मऊ, जवळजवळ बिनखाचांचे टायर त्याच्या कामाचे नाहीत. आडवाटेच्या गाड्यांचे मोठ्या गुठळ्यांचे टायरही नाहीत. पाणी बाहेर फेकणाऱ्या चांगल्या खोल खाचा आणि मध्यम रबर, असं काहीतरी हवं. मी म्हटलं, सर, मागच्या टायरवर दोनशे रुपये वाचवा हवं तर, पण पुढच्यावर वाचवू नका. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं.

आणखी दोन गोष्टी पालकांनी स्वतः बघाव्यात, कारण दुकानात कुणी आपणहून दाखवत नाही. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनवलेला टायर. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसतो पण रबर म्हातारं झालेलं असतं. दुसरं, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा बाण करून ती जागा दाखवलेली असते. झिजून टायर त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचं आयुष्य संपलं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दुचाकीला खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर असायलाच हवी. सरांच्या मुलाच्या टायरवर ते उंचवटे शोधावेच लागले नाहीत, कारण खाचाच उरल्या नव्हत्या. आणि अशा गाडीवर तो जुलैमध्ये घाट उतरून आला होता, हे त्या दिवशी सरांना पहिल्यांदा कळलं. ते बराच वेळ गप्प होते.

असो. पुन्हा बेलफास्टकडे.

डनलॉप यांच्या टायरला सुरुवातीला लोक हसले. सायकलच्या सडपातळ चाकांवर ते जाडजूड, फिकट रंगाचे टायर म्हणजे काहीतरी खाद्यपदार्थ गुंडाळल्यासारखे दिसत. (टायर काळे झाले ते नंतर, रबरात काजळीची भुकटी मिसळायला लागल्यावर. त्याने रबर पुष्कळ टिकाऊ होतं.) १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकल शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा स्थानिक क्लबचा कप्तान हवेच्या टायरची सायकल घेऊन उतरला. तो काही फार गाजलेला स्पर्धक नव्हता. भाग घेतलेल्या चारही शर्यती त्याने जिंकल्या. पुढे लिव्हरपूलला गेला, तिथे एक सोडून बाकीच्या सगळ्या जिंकल्या. हसणं थांबलं.

हरलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वी द्यू क्रो यांची मुलं होती. द्यू क्रो हे आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष. आपली मुलं का हरली याचा राग धरण्याऐवजी त्यांनी ज्या टायरने हरवलं तोच विकत घ्यायचं ठरवलं. १८८९ मध्येच डब्लिनला कंपनी निघाली. डनलॉप यांनी आपले हक्क तिला दिले आणि बदल्यात थोडी रोख रक्कम व काही शेअर घेतले.

आणि मग ती बातमी आली. पेटंट मिळून जेमतेम दोन वर्षं झाली असतील, डनलॉप यांना कळवण्यात आलं की हे पेटंट टिकत नाही. हा शोध आधीच लागलेला आहे.

वहीतल्या त्या ओळीतली चूक ती हीच. रॉबर्ट विल्यम थॉमसन. हेही स्कॉटलंडचेच, स्टोनहेवन या किनाऱ्यावरच्या गावचे, जन्म १८२२ चा. १४ व्या वर्षी शाळा सुटलेली. वयाच्या २३ व्या वर्षी, १० डिसेंबर १८४५ रोजी त्यांनी हवा भरलेल्या चाकाचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, पाठोपाठ फ्रान्समध्ये आणि अमेरिकेतही. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वरून चामड्याचं आवरण. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्यांनी घोडागाडीला असे टायर लावून दाखवले. गाडी हलकी चालली, आवाजही कमी झाला. एका जोडीने १२०० मैल धाव घेतली. तरीही ते मागे पडले. चांगलं रबर महाग होतं आणि हलक्या वेगवान सायकली अजून जन्मायच्या होत्या. औषध होतं, रोगी नव्हता. गंमत म्हणजे पुढे थॉमसन यांनी रस्त्यावर चालणारी वाफेची इंजिनं बनवली ती जाड भरीव रबराची धाव लावून, आणि त्यांतली काही हिंदुस्थानातही आली. १८७३ साली ते वारले. डनलॉप यांच्या अंगणातला प्रयोग व्हायला अजून १४ वर्षं होती.

डनलॉप यांनी चोरी केली का? माझं मत, नाही. थॉमसन यांचं नाव सगळेच विसरले होते, पेटंट देणारी कचेरीसुद्धा. पण मुलांना शिकवताना दोघांचीही नावं सांगितली पाहिजेत. आधी थॉमसन यांनी शोधलं, वापरात डनलॉप यांनी आणलं, असं म्हटलं तर ते खरं होतं आणि एका गुणाच्या ओळीतही मावतं.

मूळ पेटंट गेल्यावर कंपनी बुडायला हवी होती. ती तरली दुसऱ्यांच्या सुधारणांवर. डनलॉप यांच्या टायरची एक मोठी अडचण होती. तो चाकाला चिकटवलेला आणि कापडाने गुंडाळलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं सोलून काढा, शिवा, पुन्हा चिकटवा. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार असलेला, रिमच्या खोलगट भागातून काढता-घालता येणारा टायर शोधला आणि कंपनीने ते पेटंट विकत घेतलं. आपल्या सायकलचा टायर काढताना दुकानदार पान्याने कडा उचकटतो, ती कडेची तार ती हीच. दुसरी सुधारणा व्हॉल्व्हची. जुन्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी चढवावी लागते, ती कुजली की हवा राहत नाही. त्या व्हॉल्व्हला जगात अजूनही वुड्सचा किंवा डनलॉपचा व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवर अजून पाच-सहा सायकलींना तो आहे.

१८९२ मध्ये डनलॉप बेलफास्टचा दवाखाना सोडून डब्लिनला राहायला गेले आणि १८९५ मध्ये कंपनीतूनही बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती कंपनी टेरा हूली नावाच्या सट्टेबाजाने ३० लाख पौंडांना विकत घेतली आणि लगोलग ५० लाख पौंडांना बाजारात उतरवली. (हा हूली दोन वर्षांनी दिवाळखोर निघाला.) त्यानंतर कंपनीच्या नावात डनलॉप झळकायला लागलं, म्हणजे डनलॉप गेले आणि नाव राहिलं. त्या लाखांतलं त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. ते डब्लिनमध्ये कापडाच्या एका मोठ्या दुकानात भागीदार झाले आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी राहिले. त्यांचं नुकसान झालं असं आपण म्हणतो, पण त्यांनी त्याचा गवगवा केला नाही.

दरम्यान मोटारसायकल जन्माला आली होती. जर्मनीत १८९४ पासून हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची गाडी कारखान्यातून विक्रीला बाहेर पडली, ती हवेच्या टायरवर. भरीव रबरावर इंजिनाची दुचाकी ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पळवणं म्हणजे चालवणाऱ्याच्या हाडांचा भुगा. आजची स्पोर्ट बाईक जॉनीच्या तीनचाकीची नात लागते ती अशी.

या गोष्टीचा एक काळा कोपरा आहे. तो लहान वर्गात सांगू नये, पण नववी-दहावीच्या इतिहासाच्या शिक्षकांनी टाळूही नये. हवेच्या टायरमुळे जगात रबराची मागणी एकदम भडकली. तेव्हा रबर जंगलातल्या वेलींतून आणि झाडांतून गोळा व्हायचं. आफ्रिकेत काँगोचा प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यात होता. तिथे गावागावांना रबराचा कोटा लावून दिला आणि तो भरला नाही तर माणसं मारली, हात तोडले, बायकांना ओलीस ठेवलं. त्याचा अहवाल १९०४ साली ब्रिटिश वकिलातीच्या रॉजर केसमेंट यांनी जगापुढे आणला. केसमेंट आयरिश होते. १९०८ मध्ये राजाच्या हातून तो प्रदेश काढून घेतला गेला. डनलॉप यांनी मुलाच्या गाडीसाठी कापलेल्या रबराच्या तुकड्याला यात दोष देता येत नाही. पण मागणी कुठे निर्माण होते आणि घाम कुठे गळतो, हे मोठ्या मुलांना कळलं पाहिजे.

आणि एक उजळ कोपरा, तोही आपल्या जवळचा. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात टायरगाड्या दिसतात, लाकडी चाक आणि लोखंडी धाव जाऊन तिथे रबरी टायर आलेली बैलगाडी. त्यात ऊस बेसुमार भरतात ही गोष्ट वेगळी, आणि वाईटही. पण तेवढंच वजन धावेच्या गाडीपेक्षा टायरच्या गाडीला ओढायला बैलाला कितीतरी हलकं जातं. जनावरांच्या डॉक्टरने शोधलेली वस्तू शेवटी जनावराच्या मानेपर्यंत पोचली.

डनलॉप यांचा म्हातारपणचा एक प्रसंग मला फार त्यांच्यासारखा वाटतो. कंपनी जाहिरातींत त्यांचं दाढीवालं चित्र वापरत असे. पुढे चित्रकारांनी त्या दाढीखाली उंच टोपी, नटवा कोट आणि हातात छडी असा एक छानछोकी म्हातारा उभा केला. लाखो पौंड गेल्याबद्दल न बोललेले डनलॉप या चित्रामुळे मात्र चिडले आणि थेट कोर्टात गेले. ज्या माणसाने टायरचं दिसणं कधी बघितलं नाही, त्याचंच दिसणं कंपनीने बदलून टाकलं होतं!

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता, तो त्यांच्या मुलीने नंतर प्रसिद्ध केला. पुढे उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. आपल्या घरांत मात्र डनलॉप म्हटलं की जुन्या पिढीला टायरआधी फोमची गादी आठवते.

आमच्या सरांनी मूळ मापाचेच दोन्ही टायर घेतले. चार आकडे वाचून घेतले. नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी सावकाश आणि वळणावर न झुकवता चालवायची असते. मुलगा ते पाळेल का, या शंकेने सर स्वतः दोन रविवार मागे बसून गेले.

आणि आम्ही आठवीच्या वर्गाला घेऊन अंगणातला प्रयोग केला. सायकल दुकानातून टायर-ट्यूबसकट एक जुनं चाक आणलं. रंगमंचाची फळी तिरकी लावून उतार केला, म्हणजे ढकलण्याचा जोर दर वेळी सारखा राहतो. समोर कुणी उभं राहणार नाही याची काळजी घ्या. आधी हवा जवळजवळ काढून चाक तीन वेळा सोडलं, मग पूर्ण हवा भरून तीन वेळा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगितला होता. अर्ध्या वर्गाने लिहिलं, फरक पडणार नाही. हवा नसलेलं चाक तिन्ही वेळा ध्वजस्तंभाच्या अलीकडेच आडवं झालं. भरलेलं चाक मैदान ओलांडून थेट कोपऱ्यातल्या कडुनिंबावर आपटलं आणि दोन पावलं मागे आलं.